आधी कारखाना, मग करार

जर्मन साहित्य मुळातून वाचता यावं म्हणून मी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये नाव घातलं होतं. पोट भरलं ते मात्र पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी. नव्वदच्या दशकात तिथे जर्मन यंत्रं येत, त्यांच्यासोबत यंत्रं बसवणारे जर्मन फिटर येत, आणि त्यांचं बोलणं आपल्या लोकांना समजावून सांगायला माझ्यासारखी दुभाषी लागे. पुढे एका इंजिनिअरिंग कॉलेजने परदेशी संस्थांशी पत्रव्यवहार करायला बोलावलं आणि मी तिथेच राहिले. दोन देशांचं सहकार्य मी पाहिलं ते असं खालच्या खुर्चीवरून. मंत्री दिसले ते फोटोत. पण कुठल्या कागदावर सही अडते, पोरगा कुठल्या खिडकीवरून परत येतो आणि कंपनीचा माणूस कॉलेजचा उंबरठा नेमका कशासाठी चढतो, हे खालूनच नीट दिसतं. तेवढंच इथे लिहिते आहे.

१. विद्यापीठं एकमेकांना शोधत येत नाहीत. त्यांची गाठ कारखाने घालून देतात.

पुणे आणि जर्मनी यांचं नातं जुनं आहे हे भाषणात सांगायला छान वाटतं, आणि ते खरंही आहे. ग्योटिंगेन विद्यापीठाने रा. गो. भांडारकरांना १८८५ मध्ये मानद डॉक्टरेट दिली. दिनकर कर्वे रसायनशास्त्रासाठी लाइपझिगला गेले. इरावती कर्वे बर्लिनला गेल्या, मानवी कवटीच्या मोजमापांवर प्रबंध लिहिला आणि वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धान्ताला त्या मोजमापांतून आधार मिळत नाही, असं त्याच सिद्धान्ताच्या पुरस्कर्त्या गुरूला दाखवून १९३० मध्ये पदवी घेऊन परतल्या. (आज ज्यांना मार्गदर्शकाचं एक वाक्य खोडायचं धाडस होत नाही, त्या आमच्या पीएचडीवाल्यांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगते.) रा. ना. दांडेकरांनी १९३८ मध्ये हायडेलबर्गची डॉक्टरेट मिळवली. मोठी माणसं, मोठं काम. पण ती बोटांवर मोजण्याइतकी होती आणि विद्येच्या ओढीने गेली होती. त्यांच्यामागून रांग लागली नाही.

रांग लागली ती यंत्रांमागून. टेल्कोने डाइमलर-बेंझशी १९५४ मध्ये हातमिळवणी केली आणि जमशेदपूरला मर्सिडीजचे ट्रक बनू लागले. इंडो-जर्मन चेंबर ऑफ कॉमर्स १९५६ मध्ये मुंबईत उभं राहिलं. हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीशी करार करून नवलमल फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो सुरू केली. तीनचाकी गाडी आधी गोरेगावला बनली, मग आकुर्डीला. त्याच दशकात रुरकेलाच्या पोलाद कारखान्यासाठी क्रुप आणि डेमाग या कंपन्यांचे लोक ओडिशात तळ ठोकून होते, आणि १९५९ मध्ये जर्मन मदतीने आयआयटी मद्रास सुरू झाली. ही संस्था म्हणजे शैक्षणिक सहकार्याचा आदर्श नमुना म्हणून दाखवली जाते. आहेच. पण काळ बघा. भट्ट्या, लेथ आणि टर्बाइन विकणाऱ्या देशाला ती चालवणारे इंजिनिअर इथे तयार होणं सोयीचं होतं, आणि आपल्यालाही तेच हवं होतं. त्या आयआयटीत पोरांना कार्यशाळेत घाम गाळायला लावायचे, तो वळण लावण्याचा प्रकार जर्मनच होता.

माझ्या डोळ्यांसमोर हेच पुन्हा घडलं. मी शिकत होते तेव्हा जर्मनच्या वर्गात बहुतेक कला शाखेच्या मुली असायच्या. मर्सिडीज १९९५ च्या सुमारास पिंपरीत गाड्या जुळवू लागली. २००९ मध्ये चाकणला तिचा स्वतंत्र कारखाना आला, त्याच वर्षी फोक्सवॅगनचाही. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या जर्मन कंपन्या तळेगाव-रांजणगावापर्यंत पसरल्या. वर्गात मेकॅनिकलची मुलं दिसायला लागली ती त्यानंतर. कविता त्यांना नको होती. ‘मॅडम, इंटरव्ह्यूत काय विचारतात तेवढं सांगा,’ असा रोख असायचा. मला सुरुवातीला वाईट वाटायचं. आता वाटत नाही.

२. सामंजस्य कराराची सही ही सगळ्यात सोपी पायरी.

शाल, श्रीफळ, गणपतीची मूर्ती, दोन्ही झेंडे आणि मधोमध निळ्या फोल्डरमधला कागद. असे कागद आमच्या कपाटात एक खणभर आहेत. त्यांतले चालले किती, हे विचारू नये. जे चालले त्या प्रत्येकामागे एकच गोष्ट होती: तिकडचा एक प्राध्यापक आणि इकडचा एक प्राध्यापक यांचं एकमेकांशी जमलेलं होतं. तिकडचा निवृत्त झाला की करार मुदत असूनही संपतो. इकडच्याची बदली झाली, विभागप्रमुखपद गेलं, तरी तेच.

जर्मन माणूस पहिल्या भेटीतच विचारतो, ‘माझ्या मेलला उत्तर कोण देणार, आणि तो पुढच्या वर्षी इथेच असणार का?’ हा प्रश्न आमच्याकडे उद्धट समजला जातो. खरं तर संपूर्ण करारातलं हे एकच कलम महत्त्वाचं असतं आणि ते कुठेच लिहिलेलं नसतं.

मी पुढे एक युक्ती धरली. सहीआधी दोन्ही बाजूंना सांगायचं की, एका काल्पनिक विद्यार्थ्याचं पूर्ण वर्षाचं वेळापत्रक तयार करून द्या. कुठल्या महिन्यात तो कुठे असेल, कुठला विषय कुठे शिकेल, परीक्षा कुठे देईल. ते जमलं तर सही. नाही जमलं तर चहा घेऊ, फोटो काढू, प्रेमाने निरोप देऊ.

३. मैत्री तारखांवर आणि क्रेडिटवर अडते.

वेळापत्रक का जमत नाही ते सांगते, कारण हा भाग कुठल्याही माहितीपत्रकात नसतो. जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सत्र ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होऊन फेब्रुवारीत संपतं. उन्हाळी सत्र एप्रिल ते जुलै. उपयोजित विज्ञानाच्या कॉलेजांत मार्चपासून. आमचं सत्र जुलैत सुरू होतं, नोव्हेंबर-डिसेंबरात परीक्षा, मग जानेवारी ते मे. म्हणजे मुलगा ऑक्टोबरात पाठवला तर इथलं सत्र अर्ध्यावर सुटतं; मार्चमध्ये पाठवला तर त्याच्या पुढच्या सत्राचेही दोन तुकडे होतात. कुठल्याही दिशेने ओढलं तरी पांघरूण तोकडंच. यातून एकच वाट निघाली. शेवटच्या सत्रात प्रकल्प असतो, त्याचे क्रेडिट एकगठ्ठा असतात. तो प्रकल्पच तिकडे करू द्यायचा, मार्च ते ऑगस्ट. पदवीचा कागद दोन-तीन महिने उशिरा मिळतो. कॅम्पसमधून नोकरी लागलेल्या मुलाला हे परवडत नाही, म्हणून पहिल्या बाकावरची मुलं बहुधा जातच नाहीत. जातात ती दुसऱ्या-तिसऱ्या बाकावरची. आणि मला विचाराल तर तिथे जास्त टिकतात तीच.

मग क्रेडिट. युरोपात वर्षाचे ६० क्रेडिट, आणि एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास धरतात. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे ४० क्रेडिट आणि १२०० तास. आता हिशेब कसा करायचा? वर्षाला वर्ष धरलं तर आपला एक क्रेडिट म्हणजे त्यांचे दीड. तासाला तास धरले तर आपलं अख्खं वर्ष त्यांच्या ४० ते ४८ क्रेडिटमध्ये बसतं, आणि मुलगा तिकडे साधारण अर्धं सत्र मागे पडतो. हे भांडण मी कितीतरी बैठकांत ऐकलं आहे. आमच्या कारकुनाने ‘२०’ला ‘२०’ लिहून पाठवायचं आणि तिकडच्या कारकुनाने मुलाला ‘अर्धवेळ विद्यार्थी’ समजायचं, हा तर नेहमीचा प्रकार. दीडचा हिशेब करारातच लिहून घ्यायचा, हे आम्ही पुढे कटाक्षाने पाळलं.

गुणांचंही तसंच. जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम, ४ म्हणजे जेमतेम पास. आपल्या गुणांचं रूपांतर करायला ते एक सूत्र वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान पास गुणांमधल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि त्यात एक मिळवायचा. दहापैकी ८ मिळाले आणि पास होण्यासाठी ४ लागत असतील तर उत्तर येतं २.०. पास होण्यासाठी ५ लागतात असं कॉलेजने लिहून दिलं तर तेच ८ गुण २.२ होतात. किमान पास गुण किती, हे एका ओळीचं पत्र परीक्षा विभागाकडून मिळवायला मुलं आठवडेच्या आठवडे खेपा घालतात. एका ओळीने प्रवेश जातो किंवा येतो, हे त्या खिडकीमागच्या माणसाला कुणी सांगितलेलंच नसतं. नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसाआधी भारतीय कागदपत्रांची तपासणी करून घेणं सक्तीचं झालं, त्याचे १८,००० रुपये वेगळे. बनावट मार्कलिस्टांचा सुळसुळाट झाला होता हे खरं. भुर्दंड सगळ्यांना पडला.

४. ‘फुकट शिक्षण’ हा शब्द पालकांसमोर उच्चारू नये.

बहुतेक सरकारी जर्मन विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. एवढं ऐकून सांगलीहून, लातूरहून पालक येतात. मग मी खात्याचा विषय काढते. विद्यार्थ्याच्या नावे एका गोठवलेल्या खात्यात वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधी भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे, म्हणजे तेव्हाच्या दराने अकरा-बारा लाख रुपये. तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो सुटतात. एका वडिलांनी मला शांतपणे विचारलं होतं, ‘मॅडम, एवढे पैसे तिकडं अडकवायचे, मग व्याज कुणाच्या खिशात?’ द्राक्षबागायतदार माणूस, कर्जाच्या व्याजावर आयुष्य काढलेला. त्याच्याइतका अचूक प्रश्न मला कुठल्याही शिष्टमंडळाने विचारलेला नाही. शैक्षणिक कर्जाचं व्याज इकडे चालू, आणि पैसे तिकडे स्वस्थ पडून.

शिवाय सगळीकडे फी नाही असंही नाही. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेंबर्गने २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो लावले. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना शुल्क सुरू केलं, पदव्युत्तरला सत्राला ४,००० ते ६,००० युरो. मुलांना वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण पहिल्या सत्रात काम शोधायचं की गणित समजून घ्यायचं, याचा निर्णय त्यांनी इथून निघतानाच करावा.

मग बाकीची राज्यं फुकट का शिकवतात? परोपकार म्हणून नव्हे. तिथे माणसं कमी पडत आहेत. शिकून झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने राहू देतात, त्यामागे साधा हिशेब आहे: वीस वर्षं दुसऱ्याने वाढवलेला, शिकवलेला तरुण दोन वर्षांच्या खर्चात मिळतो आणि पुढे तीस वर्षं कर भरतो. मला यात वावगं काही दिसत नाही. आपण तो हिशेब डोळे उघडे ठेवून वाचावा, इतकंच.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट उलगडते. यूजीसीने २०२३ मध्ये परदेशी विद्यापीठांना इथे शाखा काढायची दारं उघडली. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन विद्यापीठं गुरुग्रामला आणि वेगळ्या नियमांखाली गुजरातच्या गिफ्ट सिटीत आली, कारण परदेशी मुलांच्या फीवर त्यांचा संसार चालतो. जर्मन विद्यापीठ राज्याच्या पैशावर चालतं. इथे दुकान मांडून त्याला मिळणार काय? त्यामुळे ‘आमच्या शहरात जर्मन विद्यापीठ आणू’ अशी घोषणा कुणी केली की मी टाळ्या वाजवत नाही.

५. जोडीदार निवडताना नाव बघू नका, तिथला प्राध्यापक आधी कुठे नोकरी करत होता ते बघा.

जर्मनीत संशोधन करणारी विद्यापीठं वेगळी आणि उपयोजित विज्ञानाची कॉलेजं वेगळी. दुसऱ्या प्रकारात प्राध्यापक व्हायचं तर साधारण पाच वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो, त्यातली तीन वर्षं विद्यापीठाबाहेरची. म्हणजे पंपांवर शिकवणाऱ्याने पंप बनवणाऱ्या कंपनीत दिवस काढलेले असतात. तिथल्या विद्यार्थ्यांना एक सत्र कंपनीत घालवावं लागतं, आणि पदवीचा प्रबंधही कंपनीचा एखादा खराखुरा प्रश्न घेऊन तिथेच लिहिला जातो.

आमच्या व्यवस्थापनांना मात्र आखेन आणि म्युनिक हवं असतं, कारण क्रमवारीत नाव दिसतं. चाकणच्या कंपन्यांशी ज्यांचं खरं गोत्र जुळतं ती कॉलेजं एस्लिंगेन, रॉयटलिंगेन अशा लहान शहरांतली आहेत, आणि ती नावं आमच्या पत्रकात शोभत नाहीत. आपल्याकडेही यूजीसीने २०२२ मध्ये उद्योगातल्या अनुभवी माणसांना पीएचडीशिवाय प्राध्यापक नेमायची मुभा दिली. मुभा छान आहे. भोसरीतला टूल-रूम चालवणारा माणूस वर्गात उभा राहिलेला पाहायची माझी फार इच्छा आहे. त्याच्या मानधनाच्या फाइलीचा प्रवास पाहता वाट बघावी लागेल असं दिसतं.

६. इंग्रजीत प्रवेश मिळतो, नोकरी जर्मनमध्ये.

यावर जास्त लिहीत नाही, कारण माझा धंदाच तो. कुणी म्हणेल बाई स्वतःच्या क्लासची जाहिरात करते आहे. एवढंच सांगते की मधल्या आकाराच्या जर्मन कंपन्या बहुधा लहान गावांत असतात. सुरक्षेच्या सूचना, कामगार समितीच्या बैठका, दुपारच्या जेवणातली थट्टा, सगळं जर्मनमध्ये. तेही पुस्तकी नव्हे. रानडेत शिकवतात ती जर्मन आणि स्टुटगार्टकडच्या श्वाबेन भागातल्या फोरमनची जर्मन एकमेकींना सहज ओळखतील असं समजू नये. जर्मनची बी-वन, म्हणजे मधली, पातळी इथून घेऊन जा, असं मी मुलांना सांगते. दहातले आठ ‘तिथे गेल्यावर आपोआप येईल’ म्हणतात. तिथे गेल्यावर खोलीत आणखी तीन पुणेकर असतात.

७. त्यांना हात हवेत आणि आपण पदव्या पाठवतो आहोत.

हा सगळ्यात अवघड धडा, आणि यावर आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठीचे व्हिसा वर्षाला २०,००० वरून ९०,००० पर्यंत वाढवायचं जाहीर केलं. त्याआधी फेब्रुवारीत महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेंबर्गशी करार केला, सुरुवातीला १०,००० तरुण पाठवायचे म्हणून. यादीत होते नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर, स्वयंपाकी. इंजिनिअर नव्हते.

तिथे शाळा सुटल्यावर मुलं तीन-साडेतीन वर्षांचं व्यवसाय प्रशिक्षण घेतात. आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत, बाकीचे व्यवसाय शाळेत, आणि पहिल्या महिन्यापासून हातात पगार. असे मान्यताप्राप्त व्यवसाय तीनशेच्या वर आहेत. परीक्षा घेतात त्या त्या भागातल्या उद्योगांचे चेंबर, सरकार नव्हे. म्हणजे आपल्याला कसा माणूस हवा हे मालकच ठरवतो आणि त्याच्या शिक्षणाचा खर्चही बराचसा तोच उचलतो. आपल्याकडे १९६१ पासून शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. कित्येक मालक त्याचा वापर माणूस स्वस्तात मिळण्याची सोय म्हणून करतात. मुंबईत इंडो-जर्मन चेंबरने १९९१ पासून जर्मन धर्तीचं प्रशिक्षण केंद्र चालवलं आहे, तेही पदवीधरांसाठी आणि कचेरीतल्या कामासाठी. हाताला तेल लागणारा भाग मागेच राहिला.

एकदा आयटीआय झालेल्या एका हुशार मुलाला मी जर्मनीतल्या प्रशिक्षणाचं सुचवलं. मुलगा तयार होता. त्याचे काका म्हणाले, ‘अहो, आम्ही त्याला डिप्लोमाला घालून इंजिनिअर करणार आहोत, तुम्ही फिटरच ठेवायला निघालात.’ त्यांना मी सांगू पाहिलं की तिकडचा मास्टर फिटर नव्या इंजिनिअरइतकं, कधीकधी जास्त कमावतो. त्यांनी ऐकून घेतलं. पण लग्नाच्या बाजारात पगाराची पावती पुरत नाही, हुद्दा लागतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. आमच्यात कोणतं काम कुणी करायचं याचे जुने हिशेब आहेत, आणि जर्मनीला जाणाऱ्या विमानात ते उतरवून ठेवता येत नाहीत.

तिकडूनही सगळं सरळ नाही. आपल्या आयटीआयचा कागद तिथल्या प्रमाणपत्राशी ताडून पाहतात, उणीव निघाली तर पुन्हा प्रशिक्षण. नर्सला त्याच्याही वरच्या बी-टू पातळीची भाषा लागते. नोकरी करून ती शिकायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं, आणि त्या काळात घर कोण चालवणार, याचं कलम कुठल्याही करारात मी वाचलेलं नाही. शिकवायला जर्मनचे शिक्षक तरी कुठून आणायचे? आम्ही सगळे पुण्या-मुंबईत. वर्ग लागणार परभणीला, गोंदियाला.

८. रस्ता एकेरी आहे.

२०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते. आदल्याच वर्षी चीनला मागे टाकून आपण पहिल्या क्रमांकावर गेलो होतो आणि वर्तमानपत्रांनी ते अभिमानाने छापलं. उलट दिशेने येणारे मूठभर. जे येतात ते आमच्या वर्गात बसायला येत नाहीत. चाकणच्या एखाद्या कंपनीत सहा महिने काम करायला येतात आणि कॉलेजला फक्त पत्रापुरते विचारतात.

याचा दोष त्यांच्या पोटाला, आपल्या उन्हाला किंवा वसतिगृहाच्या नळाला देऊन भागत नाही. एक जर्मन मुलगी मला म्हणाली होती, ‘तुमच्या अभ्यासक्रमात आमच्याकडे नाही असं काय आहे?’ मी प्राचार्यांना हाच प्रश्न कळवला. उत्तर म्हणून योग आणि भारतीय संस्कृतीचा दोन आठवड्यांचा कोर्स तयार झाला. तिला हवं होतं वेगळंच. वीस माणसांची भोसरीतली शेड एवढ्या कमी पैशात इतका अचूक सुटा भाग कसा देते, ते तिला शिकायचं होतं. या विषयावर आमच्याकडे एकही पेपर नाही, कारण आमच्याच प्राध्यापकांनी ती शेड आतून पाहिलेली नाही.

९. मंदीतही टपाल चालू ठेवावं.

जर्मन अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं आक्रसली. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगनने २०३० पर्यंत ३५,००० हून जास्त नोकऱ्या कमी करण्याचा समझोता कामगार संघटनेशी केला. मोटारींच्या विषयात एमएस करायला गेलेल्या मुलांचे रात्रीअपरात्री मेसेज येऊ लागले. कारखान्यामागून विद्यापीठ येतं असं म्हटलं, तर कारखान्याला सर्दी झाली की शिंकणार कोण हे ओघानेच आलं. हल्ली मी मुलांना मोटारीऐवजी रेल्वे, वीजजाळं, पाण्याची यंत्रणा, रुग्णालयातली उपकरणं असे विषय बघा म्हणते. ऐकतात थोडी. गाडीचं वेड पुण्याच्या पाण्यात आहे.

काही मुलं परत येतील, आणि ते वाईट नाही. पण जी तिथेच राहिली त्यांचा इकडे होणारा उपयोग आपण मोजतच नाही. स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीच्या खरेदी विभागात आमची एक जुनी विद्यार्थिनी आहे. चीनकडून येणाऱ्या एका सुट्या भागाला पर्याय शोधायची वेळ आली तेव्हा तिने भोसरीतल्या एका कारखानदाराचं नाव सुचवलं. नमुने गेले, तपासणीला दोन जर्मन आले, दुभाषी म्हणून मलाच बोलावलं. ऑर्डर मिळाली. ही घडामोड शिक्षण खात्याच्या अहवालात येणार नाही आणि व्यापार खात्याच्या आकड्यांत ती मुलगी दिसणार नाही.

सध्या मी माझ्या जुन्या वह्यांमधली नावं टाइप करते आहे. कोण, कुठल्या गावी, कुठल्या कंपनीत, कुठल्या विभागात. खरेदी विभागातल्या नावांपुढे फुली मारली आहे. भोसरीतले दोघे-तिघे कारखानदार ही यादी मागून गेले. कॉलेजकडून विचारणा आली ती माजी विद्यार्थी मेळाव्याच्या देणग्यांसाठी.